पाठ त्याची, पीआर तुमचा

प्रति,
रात्रीच्या बॅचचे ट्रेनरसर,


पत्रास कारण की, परवा रात्री तुम्ही आपल्या जिममधल्या एका पोराकडून 160 किलोची डेडलिफ्ट मारून घेतलीत आणि लगेच तिची रील टाकलीत. पोराची पाठ वाकली, गुडघे लटपटले, रॉड नडगी सोडून पुढे गेला. तुमच्या हातातला मोबाइल मात्र शेवटपर्यंत तसूभर हलला नाही. खाली बदाम पडलेत, ज्वाळा पडल्यात, ‘सर, नेक्स्ट लेव्हल’ असं कुणीकुणी लिहिलंय. ती रील मी आवाज बंद करून आणि गती कमी करून पुन्हा पाहिली. तुम्ही समोरून त्याचा चेहरा टिपत होता, पण बाजूच्या भिंतीवरच्या आरशात त्याची पाठ स्वच्छ दिसते. तुमच्याविरुद्धचा सगळा पुरावा त्या आरशात आहे आणि तो तुम्हीच गोळा केलाय.

हा पोरगा कोण, हे कधी विचारलंत? त्याची फी कधी संपते ते तुम्हाला पाठ असतं. तो अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत कंत्राटावर पॅकिंगला आहे. शिफ्टभर ड्रम फिरवतो, गोण्यांची थप्पी लावतो. खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे नाहीत. आता त्याच्या कमरेतून निघालेली कळ डाव्या कुल्ल्यातून पोटरीत उतरते आणि पायाच्या अंगठ्याला मुंग्या येतात. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकली आहे. कमरेत गादी सरकते ती बहुतेक वेळा याच जागी किंवा तिच्या एक घर खाली, कारण ओणवं झाल्यावर सगळा भार तिथे येतो. चप्पल घालायला त्याला भिंतीचा आधार लागतो. हा भाग रीलमध्ये आलेला नाही.

मी डेडलिफ्टला नावं ठेवायला बसलेलो नाही. सोसायटीतले काका म्हणतात तसं ‘त्या व्यायामाने कंबर जाते’ असं मी कधी म्हणणार नाही. जमिनीवरचं वजन नीट उचलायला शिकवणारा याच्यापेक्षा चांगला व्यायाम मला ठाऊक नाही, आणि आपल्या या एमआयडीसीच्या पट्ट्यात तर त्याची गरज जास्तच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली शिफारस केली की, एका पुरुष कामगाराने हाताने उचलायच्या ओझ्याची मर्यादा 55 किलोच्या वर असेल तर ती लवकरात लवकर तिथवर खाली आणावी. तुम्ही त्या पोराच्या हातात त्याच्या जवळजवळ तिप्पट दिलंत. द्यायला हरकत नाही, शिकलेला माणूस ते उचलतो. पण 55 किलोला जे खपून जातं ते 160 ला खपत नाही. हलक्या वजनात चूक झाली तर शरीर सावरून घेतं. जड वजनात सावरायला जागाच उरत नाही, म्हणून रॉड जमिनीवरून सुटण्याआधीच लिफ्ट कशी जाणार ते ठरलेलं असतं. आणि नेमक्या त्या आधीच्या क्षणांत तुम्ही फ्रेम लावत होता.

आरशात काय दिसतं ते सांगतो. तो रॉडपाशी आला तेव्हा रॉड त्याच्या बुटांच्या टोकावर होता, पायाच्या मध्यावर नव्हता. म्हणजे वजन सुटतानाच त्याच्यापासून लांब होतं, आणि वजन जितकं लांब तितका कमरेवर ताण जास्त. पायात जाड, मऊ तळव्याचे पळायचे बूट. त्यात टाच दबते आणि माणूस पुढे कलतो. मान वर करून तो तुमच्या मोबाइलकडे बघत होता, कारण तुम्हीच ‘इकडे बघ’ म्हणालात. हात लावले, कोपरं किंचित वाकलेली, खुबे एकदा खाली, एकदा वर, पुन्हा खाली. दम कोंडलाच नाही. उलट ‘हूं’ करून होता नव्हता तो श्वास सोडला आणि हिसका मारला. हिसक्यासरशी खुबे आधी वर गेले, छाती खालीच राहिली, आणि जिथे पायांनी काम करायचं तिथे कमरेने केलं. गुडघ्यांच्या वर आल्यावर रॉड अडला, तेव्हा त्याने तो मांड्यांवर टेकवत टेकवत वर ढकलला. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग फेडरेशनच्या नियमात मांडीचा असा आधार घेतला की लिफ्ट बाद. वर नेलेला रॉड हातातून सोडून दिला तरी बाद. त्याने तेही केलं. ज्याचा तुम्ही जल्लोष केलात तो पीआर, म्हणजे वैयक्तिक विक्रम, कुठल्याही पंचाने मोजला नसता. पोराची गादी मात्र मोजली गेली.

आता हे कसं करायला हवं होतं ते लिहितो. तुम्हाला येत असेलही, पण रात्रीच्या बॅचमध्ये तुमच्या तोंडून ते कुणीही ऐकलेलं नाही.

पाय खुब्यांइतके रुंद. उभ्याने खाली पाहिलं तर रॉड बरोबर पायाच्या मध्यावर, नडगीपासून दोन-अडीच सेंटीमीटरवर. मध्य धरताना बोटांपासून टाचेपर्यंतचा अख्खा पाय मोजायचा; बहुतेक पोरं फक्त दिसणारा पाय धरतात आणि रॉड पुढे राहतो. मग गुडघे जवळपास सरळ ठेवून कमरेतून वाकायचं आणि पायांच्या लगेच बाहेर पकड घ्यायची. इथून पुढे रॉड हलवायचा नाही. गुडघे एवढेच वाकवायचे की नडगी रॉडला टेकेल. टेकली की थांबायचं, खुबे आणखी खाली न्यायचे नाहीत. डेडलिफ्टची स्क्वॉट करायला गेलात की नडगी रॉडला पुढे ढकलते आणि वजन उचलताना खुबे आपोआप वर उसळतात. तोवर पाठ सुटलेली असते. लांब मांड्यांच्या माणसाचे खुबे उंच राहणार, आखूड मांड्यांच्या माणसाचे खाली. पोस्टरवरच्या माणसाचे खुबे कुठे आहेत ते बघून सगळ्यांना एकाच उंचीवर बसवायचं नसतं. बाजूने पाहिलं तर खांद्याचा फरा रॉडच्या बरोबर वर यायला हवा, म्हणजे खांदा रॉडच्या जरासा पुढे.

मग छाती काढायची. ‘पाठ सरळ ठेव’ असं ओरडून ती सरळ होत नाही, हे तुम्ही रोज बघता. पोराला त्याची पाठ दिसत नसते आणि ती कुठे वाकली आहे हे त्याला कळतही नसतं. बगला आवळायला सांगा, रॉड स्वतःकडे ओढून धरायला सांगा. पाठीचे स्नायू ताठ होतात आणि रॉड पुढे पळत नाही. नजर दोन-तीन मीटर पुढे जमिनीवर, मान पाठीच्या रेषेत. पोटात श्वास भरायचा, कुणी गुद्दा मारणार आहे अशा तयारीने पोट चारी बाजूंनी घट्ट करायचं आणि दम कोंडायचा.

यानंतरची गोष्ट आपल्या जिममध्ये कुणीच करत नाही, आणि वजन वाढलं की तीच सगळ्यात महत्त्वाची ठरते. रॉड आणि प्लेटच्या भोकात थोडी फट असते, जड वजनाला रॉड स्वतःही किंचित वाकतो, आणि हात, खांदे, पाठ यांतही ढिलेपणा असतो. तो सगळा आधी काढायचा. मालगाडी हलवताना इंजिन आधी कपलिंगं ताणून घेतं, तसं. रॉडवर हळूहळू ओढ वाढवायची. प्लेटमध्ये ‘टक्’ असा आवाज येतो, तेव्हा समजायचं की आता माणूस आणि वजन यांच्यात ढील राहिलेली नाही. मग ओढायचं नाही, पायांनी जमीन खाली दाबायची. रॉड नडगीला घासत वर येतो, गुडघ्यांवरून गेला की खुबे पुढे, आणि सरळ उभं राहिलं की संपलं. मागे झुकून कंबर मोडून दाखवायची गरज नाही. खाली आणताना खुबे आधी मागे, रॉड गुडघ्यांखाली गेला की मग गुडघे वाकवायचे. पुढचा रेप टप्पा घेऊन मारायचा नाही. रॉड जमिनीवर थांबू द्यायचा, पाठ पुन्हा बांधायची, दम पुन्हा भरायचा.

हे सगळं शिकवायला एका पोरामागे चार-पाच मिनिटं लागतात. तुमच्या रीलचं एडिटिंग त्याहून जास्त वेळ खातं.

आपल्या प्लेटांबद्दलही बोलायला हवं, कारण त्यात पोरांचा काही दोष नाही. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटीमीटर असतो, म्हणजे रॉडचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर येतो. आपल्या जिममधली 20 किलोची रबरी प्लेट मी टेप लावून मोजली. ती 40 सेंटीमीटर भरली. रॉड अडीच सेंटीमीटर खाली आला. आणि नवी पोरं 10-10 च्या प्लेटा लावून सुरुवात करतात तेव्हा तो आणखी कितीतरी खाली जातो. ज्याची मांडीची मागची नस आखडलेली आहे त्याला तिथवर पाठ न वाकवता पोहोचताच येत नाही. तो जन्मभर प्रयत्न करेल आणि तुम्ही जन्मभर ‘पाठ, पाठ’ ओरडाल. प्लेटखाली दोन जाड मॅट टाका, नाहीतर फळ्या टाका, रॉड योग्य उंचीवर येतो आणि निम्म्या पोरांची पाठ त्याच दिवशी सरळ होते. शिवाय तो रॉड 20 किलोचा आहे असं तुम्ही सांगता. काट्यावर कधी ठेवलाय? बाजारात 12 चेही रॉड मिळतात, 15 चेही. पोरगं वहीत कोणता आकडा लिहितं आणि उचलतं किती, याचा मेळ कोण घालणार?

आता वजन कसं वाढवलंत त्याकडे येतो. त्या दिवशी त्याने 110 चांगलं मारलं. 130 ला पाठ जरा गोल झाली, मला लांबून दिसलं, तुम्हाला शेजारून दिसलं असणार. तिथे थांबायचं होतं, किंवा 120 वर यायचं होतं. तुम्ही 15 ची प्लेट काढून दोन्ही बाजूंना 20 आणि 10 चढवलीत आणि एका उडीत 160 केलंत, कारण 160 ऐकायला बरं वाटतं.

सांगलीचा संकेत सरगर आठवतो का? 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात त्याने रौप्य मिळवलं. स्नॅच 113, क्लीन अँड जर्क 135, एकूण 248. मलेशियाच्या खेळाडूचं सुवर्ण 249 ला. एक किलो! 135 नंतर त्याने 139 ला हात घातला आणि त्यात त्याचं कोपर दुखावलं. पानाची टपरी चालवणाऱ्या बापाचा तो मुलगा, पोरवयापासून रोज रॉडखाली राबलेला, तंत्र घोटून घोटून अंगात मुरलेलं, आणि चार किलोची वाढ त्याला महागात पडली. तुम्ही 30 किलो वाढवलेत, तेही अशा पोराचे ज्याला डेडलिफ्ट शिकवायला तुम्ही कधी खाली बसला नाहीत.

तुमचं उत्तर मला माहीत आहे, कारण ते तुम्ही सगळ्यांना देता: ‘वर्ल्ड क्लासवाले पण पाठ गोल करतात.’ करतात. लॅटव्हियाच्या कॉन्स्टँटिन कॉन्स्टँटिनोव्हने 2009 साली बेल्ट न लावता 426 किलो उचलले आणि त्याची वरची पाठ गोल होती. पण त्याने ती मुद्दाम, लिफ्ट सुरू होण्याआधी तशी ठेवली होती आणि वरपर्यंत तिचा आकार बदलला नाही. आपल्या पोराची कंबर सरळ होती आणि वजन अंगावर आल्यावर वाकली. भाराखाली वाकणं आणि आधीच बांधून ठेवलेला बाक यांतला फरक ज्याला दिसत नाही त्याने प्लेटा चढवू नयेत. अमेरिकेच्या लामार गँटचा मणका तर बाजूला वळलेला होता, आणि त्याने 1985 साली 60 किलो गटात 300 किलो उचलले, स्वतःच्या वजनाच्या पाचपट. त्याचं शरीर त्याचं होतं. त्याच्याकडे बोट दाखवून पॅकिंगच्या पोराला 160 देता येत नाही. अगदी चांगल्या लिफ्टरचीही कंबर बाहेरून सरळ दिसत असताना आतून थोडी वाकतेच, हेही मला मान्य आहे. म्हणून तर वाकायला उरलेली जागा राखून ठेवायची असते.

बेल्टचंही तेच. तुम्ही तो पाठीचा आधार म्हणून बांधायला सांगता आणि पोरं कंबर करकचून आवळून बेल्टच्या भरवशावर वाकतात. बेल्ट पोटासाठी असतो. कोंडलेल्या दमाने पोट त्याच्यावर आतून दाबायचं. ज्याला दम कोंडता येत नाही त्याच्या कमरेला बेल्ट म्हणजे नुसतं चामडं. आणि एक हात उलटा, एक सुलटा धरायला लावता तेव्हा उलट्या हाताचं कोपर पूर्ण सरळ ठेवायला सांगा, नाहीतर एक दिवस कुणाचा तरी दंडाचा स्नायू तुटेल.

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या तिन्ही गावांत कोण जिमला येतं ते जरा बघा. बदलापूरहून सीएसएमटी सुमारे 68 किलोमीटर. तेवढं अंतर दाटीत उभं राहून परत आलेला माणूस रात्री साडेनऊला तुमच्याकडे येतो. खांदा बॅगेने ओढलेला, कंबर आधीच थकलेली. उल्हासनगर पाच नंबरला जीन्सच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर पाठ वाकवून बसणारे कारागीर तुमच्याकडे येतात. त्यांची पाठ संध्याकाळपर्यंत एकाच दिशेने वाकलेली असते. त्यांना आल्या आल्या रिकाम्या रॉडवरही दहा मिनिटं न देता तुम्ही ‘चल, बॅक डे’ म्हणता. सकाळच्या बॅचची तऱ्हा तर आणखी धोक्याची. सहाची लोकल पकडायची म्हणून पोरं पाचला अंथरुणातून उठून थेट रॉडला हात घालतात. रात्रभर पडून राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. सकाळी आपली उंचीही किंचित जास्त भरते ती त्यामुळेच. त्या पहिल्या तासात वाकल्यावर गादीवर येणारा ताण दिवसातल्या इतर वेळेपेक्षा बराच जास्त असतो. सकाळच्या पोरांना डेडलिफ्ट शेवटी द्या, किंवा रविवारी उशिरा द्या. एवढा बदल करायला एक रुपया खर्च नाही.

आणि मग तुम्ही जे केलंत ते. पोरगा कमरेला हात लावून बाकावर बसला, तेव्हा तुम्ही स्प्रे मारलात आणि म्हणालात, ‘चमक भरलीय, उद्या हलकं मार, मोकळं होईल.’ तो दुसऱ्या दिवशी आला. तुमच्या शब्दाखातर आला, सर. कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर तो व्यायामाचा विषय उरत नाही, डॉक्टरकडे पाठवायचं असतं. आणि जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर त्याच तासाला हॉस्पिटल. तिथे उशीर झाला तर कायमचं जातं. या दोन गोष्टी ट्रेनरला ठाऊक नसतील तर बारावीच्या पोराने यूट्यूब बघून घरी केलेला व्यायाम जास्त सुरक्षित.

2025 च्या फेब्रुवारीत राजस्थानात बिकानेरला 17 वर्षांची एक पॉवरलिफ्टर 270 किलोच्या स्क्वॉटमध्ये मानेवर रॉड पडून गेली. ट्रेनर तिच्या मागेच उभा होता. तो व्हिडिओ तुम्हीच जिमच्या ग्रुपवर टाकला होता, खाली हात जोडल्याची खूण करून. त्यानंतर आपल्या रॅकच्या सेफ्टी पिना शोधून जागेवर लावाल असं मला वाटलं होतं. त्या अजून कोपऱ्यात पुसायच्या फडक्याखाली पडल्या आहेत.

मला हवं आहे ते साधं आहे. डेडलिफ्टच्या जागी जाड रबरी मॅट. सव्वा किलोच्या प्लेटच्या दोन जोड्या, म्हणजे वजन वाढवायचं तर अडीच किलोने वाढवता येईल. रॉडवर त्याचं खरं वजन रंगाने लिहिलेलं. मोबाइल धरायचाच असेल तर बाजूने, कमरेच्या उंचीवर धरा आणि सेट संपल्यावर पोराला दाखवा, की जमीन सुटल्यापासून गुडघ्यापर्यंत त्याची पाठ कुठे बदलली. पाठ बदलली की त्या दिवशी वजन पुढे जाणार नाही, हा नियम भिंतीवर लावा, आणि तो आधी तुमच्या लाडक्या पोरांना लागू करा. मॅट आणि प्लेटांचे पैसे नाहीत असं मालक म्हणाले तर रात्रीच्या बॅचकडून वर्गणी काढू, माझी पहिली.

आणि त्या पोराने वर्षाची फी आगाऊ भरली होती. उरलेल्या महिन्यांचे पैसे त्याला जिममध्ये बोलावून देऊ नका, तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि जिना उतरता येत नाही. तुम्ही जा. फिजिओथेरपीची काही सेशन्स त्यातून निघतील.

कळावे,
रात्रीच्या बॅचमधला एक सभासद,
बदलापूर